शेवटचा मेळ कुठे बसला होता?

जून उजाडला की दांडीच्या किनाऱ्यावर बोटी ओढून घेतल्या जातात आणि त्यांच्यावर प्लास्टिकचे कापड चढते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत आमच्या किराणा दुकानातील रोख विक्री आटते आणि उधारीची वही जाड होत जाते. दुपारी तर गल्ल्यावर बसून पाऊस पाहण्याखेरीज दुसरे काम नसते. २०२४ च्या जूनमधील अशाच एका दुपारी आमच्या मुलीचा एमएचटी-सीईटीचा निकाल आला. तिला ५८ पर्सेंटाइल मिळाले होते.

थोड्याच वेळात बोईसरहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "अठ्ठावन्न टक्के काही वाईट नाहीत गं. आपल्या घरात इतके तरी कोणाला मिळाले होते?" त्यांचा हेतू धीर देण्याचाच होता, म्हणून मी त्या वेळी काही बोलले नाही. परंतु पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर परीक्षार्थींना गुणांच्या क्रमाने ओळीत उभे केले, तर साधारण अठ्ठावन्न जण तिच्या बरोबरीला किंवा मागे आणि बेचाळीस जण तिच्या पुढे, एवढाच त्याचा अर्थ. तिला हवी असलेली जागा त्या बेचाळिसांनाच पुरणारी नव्हती.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्ही विषयांत तिचे बरे चालले होते. बुडाली ती गणितात. ही परीक्षा एकूण २०० गुणांची असते आणि त्यांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात. प्रश्न पन्नास, प्रत्येकाला दोन गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रश्नाला मात्र एकच गुण. म्हणजे ज्याचे गणित कच्चे, त्याचा अर्धा व्यवहार आधीच तोट्यात.

सायंकाळी घरात चर्चा झाली. जेठजी बोईसरहून मुद्दाम आले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. "बीकॉमला घालू. सीए झाली तर उत्तमच, नाही तर दुकान आहेच. हिशेब आपल्या रक्तात आहे. हे इंजिनीअरिंगचे खूळ कशाला?" आमच्यासारख्या घरांत हे बोलणे नवे नाही आणि त्यात काही वाईटही नाही. परंतु मुलगी लहानपणापासून ज्या परिसरात वाढली, तो तिला वेगळेच काही सांगत होता. दांडीच्या उत्तरेला तारापूरचे अणुऊर्जा केंद्र आहे. १९६९ पासून वीज देणारे देशातील पहिले. पूर्वेला बोईसरची औद्योगिक वसाहत. पाळी बदलली की बसगाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुली तिने पाहिल्या होत्या. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, "मला अजून एक वर्ष द्या."

जेठजींनी तिच्यासाठी पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या वर्गाची चौकशी करण्याची तयारी दाखवली. तेवढ्यात माझे सासरे, ज्यांना आम्ही बाऊजी म्हणतो, आरामखुर्चीतून म्हणाले, "फी भराल तेव्हा भराल. आधी मला सांगा, हिचा शेवटचा मेळ कुठे बसला होता?"

त्यांचा प्रश्न त्या क्षणी कोणालाच कळला नाही. मला मात्र कळला, कारण हा प्रश्न त्यांनी माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला विचारला होता.

मी बारावी विज्ञान शाखेतून झाले आणि लग्न होऊन दांडीला आले. गणित मला आवडत असे. बाऊजींनी हे हेरून मला रोजमेळ लिहायला बसवले. एका रात्री सिलक ४५ रुपयांनी कमी भरली. मी साऱ्या दिवसाच्या नोंदी पुन्हा पुन्हा बेरजा करून पाहत होते. बाऊजी म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातो का पाहा." भाग गेला, उत्तर पाच आले. "आता ज्या नोंदीतल्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे, ती नोंद शोध. आकडे उलटे पडले असतील." दोन मिनिटांत सापडली. आलेले २७ रुपये मी ७२ असे लिहिले होते.

मला ती जादू वाटली. पण ती जादू नव्हती. २७ म्हणजे वीस आणि सात. ७२ म्हणजे सत्तर आणि दोन. अंकांची अदलाबदल झाली की दहापट असलेला अंक एकपट होतो आणि एकपट असलेला दहापट. म्हणून फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो, आणि नऊने भागल्यावर येणारे उत्तर म्हणजे त्या दोन अंकांतील अंतर. नऊने भाग गेला नाही, तर बाऊजी फरक निम्मा करून पाहायला सांगत. तेवढ्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली असेल, तर फरक दुप्पट दिसतो. आणि हेही जुळले नाही, तर शेवटचा उपाय: पाने मागे उलटत जायची आणि ज्या दिवशी सिलक बरोबर भरली होती त्या तारखेवर बोट ठेवायचे. चूक त्या तारखेच्या पुढेच असते. "चुकलेली शिल्लक पुढच्या पानावर ओढायची नाही," ते म्हणत. "पुढचे प्रत्येक पान बरोबर लिहिलेस तरी चुकीचेच निघेल."

घरातल्यांनी तिला एक वर्ष दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांना टेकून बसलो. ती साशंक होती. "मम्मी, तुला इंटिग्रेशन येतं?"

"येत होतं," मी म्हणाले. "तू सोडव, मी पाहते."

तिने बारावीच्या पुस्तकातील एक उदाहरण घेतले. अंशात १ आणि छेदात क्षचा वर्ग अधिक ५ क्ष अधिक ६. याचे इंटिग्रेशन करायचे. तिला सूत्रांची यादी तोंडपाठ होती. सूत्र कोणते लावायचे हे ती आठवत बसली. मी विचारले, "छेदाचे अवयव पाडता येतील का?" ती थांबली. "ज्यांचा गुणाकार सहा आणि बेरीज पाच, अशा दोन संख्या कोणत्या?" दोन आणि तीन हे तिने सांगितले, परंतु हे आपण का शोधतो आहोत, हे तिला सांगता येईना. छेद (क्ष + २) गुणिले (क्ष + ३) असा फोडला, की तोच अपूर्णांक १/(क्ष + २) वजा १/(क्ष + ३) असा लिहिता येतो आणि मग इंटिग्रेशन दोन ओळींचे राहते. तिचा विश्वास बसेना, म्हणून क्षच्या जागी १ ठेवून ताळा केला: १/३ वजा १/४ म्हणजे १/१२, आणि मूळ छेद १ अधिक ५ अधिक ६, म्हणजे १२. जुळले.

तिचे इंटिग्रेशन कच्चे नव्हतेच. कच्चे होते ते त्याखालचे काही. ते किती खाली आहे हे पाहण्यासाठी आम्ही रोज थोडे मागे जात राहिलो. बारावीवरून अकरावीत आलो, अकरावीवरून दहावीत. त्रिकोणमितीचे सूत्र तिला येई, पण समीकरणाच्या एका बाजूचे पद दुसरीकडे नेताना चिन्ह बदलायचे राहून जाई. सरळ रेषेचे समीकरण येई, पण कंसाबाहेर वजा असला की कंसातील पहिल्याच पदाचे चिन्ह बदले. एके दिवशी अंशात क्ष + २ आणि छेदात क्ष + ३ असताना तिने वरचा क्ष आणि खालचा क्ष सराईतपणे खोडले आणि २/३ असे उत्तर लिहिले.

मी म्हणाले, "क्ष दहा धर. वर किती, खाली किती?"

"बारा आणि तेरा."

"मग बारा तेरांश आणि दोन तृतीयांश सारखे का?"

ती गोंधळली. "पण क्ष कापायचाच असतो ना?"

समोर गोण्या होत्याच. मी म्हटले, एकीत बारा किलो आहे, दुसरीत तेरा. दोन्हींतून दहा-दहा किलो काढून घेतले, तर दोन आणि तीन किलो उरतील. दोघींतला फरक पूर्वीइतकाच, एक किलो. परंतु प्रमाण तेच राहिले का? आधी त्या जवळजवळ सारख्या होत्या. आता दुसरी पहिलीच्या दीडपट झाली. सारखी बेरीज काढून घेतली तर फरक टिकतो, प्रमाण टिकत नाही. प्रमाण टिकवायचे तर दोन्हींना सारख्याच संख्येने भागावे लागते. म्हणून अपूर्णांकात गुणाकारातील अवयव कापता येतो. बेरजेतील पद कापता येत नाही.

ती बराच वेळ त्या गोण्यांकडे पाहत राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." मला ते खरे वाटले नाही. हे शाळेत शिकवतातच. म्हणून मी माळ्यावरून तिच्या जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला.

आठवीची वही व्यवस्थित होती. अवयव, घातांक, चलन, चक्रवाढव्याज. सगळे ठळक अक्षरात, प्रत्येक उत्तराभोवती चौकट. नववीच्या बीजगणिताच्या वहीत संच होते, वास्तव संख्या होत्या, बहुपदींची पाच पाने होती. सहाव्या पानाच्या कोपऱ्यात १२ ऑक्टोबर २०२० ही तारीख होती, खाली दोन ओळी होत्या आणि त्यानंतर सारी वही कोरी होती.

ती तारीख पाहताच मला आमचेच ते दिवस आठवले. टाळेबंदीमुळे शाळा मोबाइलवर भरत होती. किराणा दुकान अत्यावश्यक सेवेत असल्याने आमचा व्यवहार मात्र वाढला होता. गावातील निम्म्या घरांच्या याद्या फोनवर येत. घरात दोन फोन होते. त्या ऑक्टोबरमध्ये एक बिघडला. नवा दिवाळीनंतर घेऊ असे ठरले, आणि दिवाळीनंतर ते राहून गेले. उरलेला फोन सकाळी दहा ते बारा दुकानात लागे, आणि नववीचा गणिताचा तासही त्याच वेळेत असे. तो फोन तिच्या हातून मागून घेणारी मीच होते. "पाच मिनिटं दे, ऑर्डर लिहून घेते," असे मी रोज म्हणत असे, आणि माझी पाच मिनिटे बारा वाजता संपत.

त्या वर्षी चूक उघडकीला येण्याची वाटही बंद झाली. एप्रिल २०२१ मध्ये नववीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय शासनाने घेतला. त्या परिस्थितीत दुसरे काय करता आले असते? पण परिणाम असा झाला की त्या वर्षीच्या अभ्यासाचा ताळा कोणीच केला नाही. दहावीचा अभ्यासक्रमही २५ टक्क्यांनी कमी केलेला होता. पाठांतराच्या बळावर तिने दहावी पार केली, बारावीही पार केली. चुकलेली शिल्लक चार वर्षे पुढच्या पानावर ओढली जात राहिली.

वही हातात घेऊन मी तिला विचारले, "तेव्हा बोलली का नाहीस?"

ती सहज म्हणाली, "फोन दुकानाचा होता ना, मम्मी."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागले. इतकी वर्षे आम्ही सारे म्हणत होतो की हिचे गणितात डोके चालत नाही. पाने मागे उलटत गेलो तेव्हा चूक माझ्या नोंदीत निघाली. जमेऐवजी नावे पडलेल्या रकमेसारखी ती दुप्पट झाली होती: तिचे शिकणे गेलेच, आणि त्यावर तिचा स्वतःवरचा विश्वासही गेला. रात्री मी हे यजमानांना आणि बाऊजींना सांगितले. बाऊजी एवढेच म्हणाले, "तारीख सापडली ना? मग आता चूक दुरुस्त होईल."

दुसऱ्या दिवसापासून आमचा नेम सुरू झाला. सूर्यास्तापूर्वी जेवण, त्यानंतर दुकानाची सिलक, आणि त्यानंतर दीड तास गणित. आरंभ बारावीपासून नव्हे, तर बालभारतीच्या आठवी-नववीच्या पुस्तकांपासून केला. अठरा वर्षांच्या मुलीने आठवीचे पुस्तक उघडायला लाज वाटू नये म्हणून मीही शेजारी वही घेऊन बसले आणि प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवले. माझ्याही चुका होत; त्या ती तत्परतेने दाखवी. पर्युषण येईपर्यंत अपूर्णांक, अवयव, घातांक आणि एकचल समीकरणे एवढाच भाग झाला होता. जेठजींनी विचारले, "बारावीचे किती झाले?" मी सांगितले, "अजून एकही पान नाही." ते काही बोलले नाहीत, पण त्यांची काळजी मला दिसत होती. मलाही ती होतीच.

अडचण लॉगरिदमपाशी आली. अकरावीच्या फलनांच्या प्रकरणात ते येते आणि पुढे बारावीच्या डिफरन्सिएशनमध्ये पावलोपावली लागते. ती नियम पाठ करी आणि दुसऱ्या दिवशी विसरे. त्या वेळी बाऊजींच्या कपाटातील जुन्या ग्रंथांची मला मदत झाली. आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकाच्या आरंभी षट्खंडागमावर धवला टीका लिहिली. तिचे संपादन डॉ. हिरालाल जैन यांनी केले आणि पहिला खंड १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. त्या टीकेत अर्धच्छेद नावाची कल्पना आहे. एखादी संख्या एक उरेपर्यंत जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ६४ चे निम्मे ३२, मग १६, ८, ४, २, १. सहा वेळा. म्हणजे ६४ चे अर्धच्छेद सहा. आजच्या भाषेत पाया २ घेऊन ६४ चा लॉग सहा. निम्मे करण्याऐवजी तीन समान भाग करत गेलो तर त्रिकच्छेद. म्हणजे पाया ३.

मुलीने लगेच करून पाहिले. ८ चे तीन, ४ चे दोन, आणि त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे ३२ चे, पाच. "म्हणजे गुणाकाराच्या लॉगची बेरीज होते ती यामुळे!" हा नियमही धवलेत आहेच. मग तिने स्वतःच विचारले, "एक अष्टमांशाचं काय?" आणि स्वतःच उत्तर दिले: तिथे निम्मे नव्हे, दुप्पट करत वर यावे लागते, म्हणून वजा तीन. त्या रात्री तिने नियम पाठ केले नाहीत, आणि त्यानंतर ती ते कधी विसरली नाही.

याच कपाटात महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' होता. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केलेला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील, इसवी सन ८५० च्या सुमाराचा हा ग्रंथ. ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे महावीराचार्यांनी त्यात नोंदवले आहे. "मग आम्हाला अकरावीत संमिश्र संख्या कशाला शिकवतात?" असे तिने विचारले. मी म्हणाले, "संख्यारेषेवर ते वर्गमूळ नाहीच, हे त्यांचे म्हणणे आजही खरे आहे. ते मिळवण्यासाठी पुढच्या गणितज्ञांना त्या रेषेबाहेर पाऊल टाकावे लागले." हे ऐकून तिच्या मनातील त्या प्रकरणाची भीती गेली.

वस्तूंच्या समूहातून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियमही महावीराचार्यांनी दिला आहे आणि त्यासाठी रसांची उदाहरणे घेतली आहेत. आमच्या दुकानात सहाही रस डब्यांत भरलेले. गूळ, चिंच, मीठ, मिरी, मेथी आणि तुरटपणासाठी सुपारी. मी सहा वाट्या मांडल्या. सहांतून दोन रस किती प्रकारे निवडता येतील? पंधरा. सहांतून चार? तिने पुन्हा मोजायला घेतले आणि मध्येच थांबली. "चार घेणं म्हणजे दोन सोडणं. म्हणजे हेही पंधराच." सर्व मिश्रणे मिळून किती? प्रत्येक रस एक तर घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे प्रत्येकाला दोन वाटा. दोनचा सहा वेळा गुणाकार ६४. त्यातून एकही रस न घेतल्याचा एक प्रकार वजा केला, की ६३. सूत्र नंतर आले, अर्थ आधी आला. क्रम असाच असावा, हे मला त्या दिवशी पटले.

दिवाळीनंतर बारावीचे पुस्तक उघडले. आता ते वेगाने पुढे सरकू लागले, कारण दर ओळीला अडखळणे थांबले होते. तिने एक वही घातली आणि तिच्यात रोजमेळासारख्या दोन बाजू आखल्या. चुकलेले उदाहरण नावे लिहायचे. सोबत चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली आणि ती पायरी कोणत्या इयत्तेची, हेही लिहायचे. तेच उदाहरण वेगवेगळ्या तीन दिवशी न पाहता सुटले, की जमेला घ्यायचे. जानेवारीत नावेची बाजू लांबलचक होती. मार्चमध्ये दोन्ही बाजू जवळ येऊ लागल्या. मुख्य म्हणजे, चुकीच्या पुढे 'आठवी' आणि 'नववी' असे शब्द येणे जवळजवळ थांबले.

शेवटचे दोन महिने वेळेसाठी राखले. गणिताला ९० मिनिटे मिळतात, म्हणजे ५४०० सेकंद, प्रश्न ५०. एका प्रश्नाच्या वाट्याला १०८ सेकंद. आदल्या वर्षी एकाच उदाहरणावर तिची सात मिनिटे गेली होती. पन्नासांपैकी सुमारे दहा प्रश्न अकरावीचे आणि चाळीस बारावीचे असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. तिने तीन फेऱ्या ठरवल्या: पहिल्या फेरीत पाहताक्षणी सुटणारे, दुसऱ्या फेरीत कागदावर मांडावे लागणारे आणि तिसरीत उरलेले. आपण तरी बाजारात दुसरे काय करतो? आधी रोख गिऱ्हाईक, मग यादीचे, मग घासाघीस करणारे.

एप्रिल २०२५ मध्ये तिने परीक्षा दिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "सगळे आले नाहीत. पण कुठे अडले ते मला माहीत आहे." निकाल जूनमध्ये लागला: ८६ पर्सेंटाइल. बोईसरहून फोन आला, जेठजींचा. "८६ टक्के! शाब्बास!" आणि त्यांच्यामागून जाऊबाईंचा आवाज ऐकू आला, "टक्के नव्हे हो, पर्सेंटाइल!"

तिला संगणक शाखा मिळाली नाही. इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेत प्रवेश मिळाला. ती पहाटे बोईसरहून विरारकडे जाणारी लोकल पकडते आणि रात्री दमून येते. पहिल्या वर्षाचे गणित सोपे नाही. इंटिग्रेशनचा तिचा वेग अजूनही कमीच आहे. तिचे ८६ म्हणजे तिच्या पुढे अजून चौदा जण आहेत, हेही तिला ठाऊक आहे. मी हे यशाची कथा म्हणून सांगत नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक शिल्लक चार वर्षे चुकत गेली आणि मी ती पाहिली नाही, हे सांगण्यासाठी लिहिते आहे.

आपण व्यापारी माणसे. रोजची सिलक मिळवल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. मुलांच्या अभ्यासाचा हिशेब मात्र आपण वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशी, तोही फक्त शेवटच्या आकड्यापुरता पाहतो. आकडा कमी आला की फी वाढवतो, वर्ग बदलतो, नाही तर मुलाची बुद्धीच बेताची असे ठरवून मोकळे होतो. त्यापूर्वी एक संध्याकाळ काढावी, त्याच्या जुन्या वह्या मागवाव्यात आणि न रागावता पाने मागे उलटत जावे. शेवटचा मेळ बसलेले पान सापडेपर्यंत थांबू नये. गणित आपल्याला येत नसले तरी चालेल. वही कोरी कोठून झाली, हे कोणालाही दिसते. आणि त्या पानावरची चूक आपली निघाली, तर तसे मुलासमोर कबूल करावे.

नववीची ती वही आम्ही टाकली नाही. नव्या वहीवर पैसे कशाला, असे म्हणून मुलीने अभ्यास तिच्यातच सुरू केला होता. परवा कपाट आवरताना ती पुन्हा हाती आली. बहुपदींच्या त्या सहाव्या पानावर १२ ऑक्टोबर २०२० अशी तारीख आहे आणि खाली दोन ओळी आहेत. पान उलटले की ८ जुलै २०२४.